हत्तीरोगाच्या प्रौढ कृमींवर औषध हवे

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

हत्तीरोगाच्या मोहिमेत किती जणांनी गोळ्या घेतल्या याची चर्चा होते. त्या गोळ्या शरीरात नेमके काय साधतात, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. १९४७ पासून ज्ञात असलेले डीईसी (डायइथाइलकार्बामाझिन) हे त्यातले मुख्य औषध हत्तीरोगाच्या कृमींनी रक्तात सोडलेल्या सूक्ष्म अळ्यांचा नायनाट करते, पण लसीकावाहिन्यांत (ऊतींमधला द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांत) सहा ते आठ वर्षे जगणाऱ्या प्रौढ कृमींपैकी बरेचसे त्यातून वाचतात आणि पुन्हा अळ्या सोडू लागतात. म्हणूनच गोळ्या वर्षानुवर्षे द्याव्या लागतात, आणि ज्याचा पाय सुजलेला नाही त्याला त्या घेण्याचे कारण पटत नाही. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डीईसी व अल्बेंडाझोल या जंतनाशकाच्या जोडीला आयव्हरमेक्टिन हे तिसरे औषध देण्याची शिफारस केली. त्यामुळे अळ्या अधिक काळ दबून राहतात, इतकेच.

प्रौढ कृमीवर खरा घाव घालते ते डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक. कृमीच्या शरीरातील वोल्बाकिया हे जीवाणू त्याने मरतात, मग मादी वांझ होते आणि कालांतराने कृमीही मरतो. परंतु हे औषध चार ते सहा आठवडे रोज घ्यावे लागते आणि गरोदर स्त्रिया व लहान मुलांना ते चालत नाही. ऐन लावणीच्या दिवसांत धडधाकट दिसणारा शेतकरी ते पुरे करील, ही अपेक्षा भाबडी आहे. तेव्हा थोडक्या दिवसांत तेच काम करणारे औषध शोधायला हवे. अडचण अशी की हत्तीरोगाचा वुचेरेरिया बँक्रॉफ्टी हा कृमी प्रयोगशाळेतील उंदरांत वाढत नाही, त्यामुळे चाचण्या ब्रुगिया या त्याच्या भाईबंदावर कराव्या लागतात. शिवाय रुग्ण गरीब, म्हणजे कंपन्यांना नफ्याची आशा नाही.

आयव्हरमेक्टिनचे मूळ जपानमधील मातीत सापडलेल्या एका जीवाणूत आहे. त्या शोधासाठी सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल मिळाले. आपल्या कोकणातील जांभ्याचे सडे (खडकाळ पठारे) आणि कांदळवने यांतील जीवाणूंकडे कोणी या दृष्टीने पाहावे, असे मला वाटते (आणि सडे खोदून संपण्यापूर्वी पाहिलेले बरे). नमुने घेणे व जीवाणू वेगळे काढणे हे रत्नागिरी-सिंधुदुर्गातील महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांना जमण्याजोगे आहे. कृमींवरील चाचणी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी व्हावी. बहुतेक नमुने निरुपयोगी ठरतील हे गृहीत धरूनच राज्य शासनाने या कामासाठी निदान दहा वर्षांची आर्थिक तरतूद करावी, ही विनंती.

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, वेंगुर्ले