शांतता म्हणजे तोंडावर बोट नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान मुलांमधली मारामारी, हट्ट आणि उद्धटपणा यांवर उपाय म्हणून शाळेत मूल्यशिक्षणाचे तास वाढवावेत, अशी पत्रं गेले काही दिवस आपल्या अंकात वाचते आहे. पत्रलेखकांची कळकळ खरी आहे, पण त्यांचा उपाय मला पटत नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांमध्ये माझी जवळजवळ तीस वर्षं गेली. त्या अनुभवावरून थोडं लिहिते.

आपल्या भाषेत एक गंमतीची अडचण आहे. फलकावर ‘शांतता राखा’ लिहितो तोही शब्द शांतता, आणि दोन देशांमध्ये नांदावी म्हणतो तीही शांतता. मूल वर्गात पाऊल टाकतं तेव्हा त्याला पहिली शांतता भेटते. ‘हाताची घडी, तोंडावर बोट!’ ही आज्ञा मीही वर्षानुवर्षं दिली. वर्ग चिडीचूप झाला की मुख्याध्यापिका कौतुक करायच्या आणि मलाही आपलं काम साधल्यासारखं वाटायचं. मुलांच्या मनात त्या वेळी काय चाललं आहे, हे मात्र मी कधी विचारलं नाही.

मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोममध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी पहिलं बालगृह सुरू केलं. त्यांच्या वर्गातही शांतता असे, पण ती खेळ म्हणून. एकदा त्यांनी चार महिन्यांचं एक तान्हं बाळ वर्गात आणलं आणि ते किती हळू श्वास घेतंय ते मुलांना ऐकायला सांगितलं. ऐकता ऐकता मुलं आपणहून स्तब्ध झाली. पुढे याचाच खेळ झाला. सगळे निश्चल बसायचे, बाई दूरच्या कोपऱ्यातून कुजबुजत एकेकाचं नाव घ्यायच्या आणि ज्याचं नाव येईल त्यानं चवड्यांवर चालत यायचं. हा खेळ मी माझ्या वर्गात करून पाहिला. सर्वांत दांडगट मुलगा आपलं नाव ऐकू यावं म्हणून श्वास रोखून बसलेला मी पाहिला आहे. दुसऱ्याचं ऐकण्यासाठी आपण गप्प राहायचं असतं, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

आता भांडणाबद्दल. शांततेचं शिक्षण खरं तिथेच होतं आणि मोठी माणसं नेमकी तिथेच घाई करतात. एका गाडीवरून दोघांची ओढाताण झाली, एक रडू लागला, की आपण धावतो. गाडी काढून घेतो, दुसऱ्याला ‘सॉरी म्हण’ म्हणतो. तो भिंतीकडे बघत ‘सॉरी’ म्हणतो आणि प्रकरण मिटतं. माझ्या वर्गात एका मुलानं असं सॉरी म्हणून लगेच ती गाडी पुन्हा हिसकावली. मी रागावले तर म्हणाला, ‘म्हटलं ना सॉरी!’ त्याचं काय चुकलं? सॉरी हा सुटकेचा परवाना आहे, हे मीच त्याला शिकवलं होतं.

पुढे मी ‘सॉरी म्हण’ म्हणणं बंद केलं. दोघांना समोरासमोर बसवायचं, आधी एकानं सांगायचं, मग दुसऱ्यानं. मध्ये बोलायचं नाही, मीसुद्धा नाही. पहिल्या चार दिवसांत यातून काहीच निघत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. शिवाय वयाचं भान ठेवावं लागतं. समोरच्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, ही समज बहुतेक मुलांना चौथ्या वर्षाच्या आसपास येऊ लागते. म्हणून तीन वर्षांच्या मुलाला ‘त्याला काय वाटलं असेल?’ असं विचारलं तर ते नुसतं बघत राहतं. त्याला दाखवावं लागतं : ‘बघ, त्याचे डोळे भरलेत. त्याचा हात इथे लाल झालाय.’ मग विचारायचं, ‘आता आपण काय करूया?’ कुणी फुंकर घालतं, कुणी ओला रुमाल आणतं, कुणी स्वतःचं खेळणं पुढे करतं. सॉरी हा शब्द त्यात बऱ्याचदा नसतो आणि तो नसल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

दयाळूपणा मुलांना मुळापासून शिकवावा लागतो, हाही एक गैरसमज. वार्नेकेन आणि टोमासेलो या संशोधकांनी 2006 साली दीड वर्षाच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. अनोळखी माणूस कपडे वाळत घालताना चिमटा खाली पाडतो आणि हात पोहोचत नाही असं दाखवतो, किंवा हातात सामान असल्यामुळे त्याला कपाटाचं दार उघडता येत नाही. कुणी सांगितलं नाही, शाबासकी नाही, तरी बहुतेक मुलं मदतीला आली. चिमटा मुद्दाम टाकला असेल तर मात्र ती सहसा उचलत नव्हती. म्हणजे मदतीची गरज आहे की नाही, हेही त्यांना कळत होतं.

त्याच दोघांचा 2008 सालचा प्रयोग पालकांनी जरूर लक्षात ठेवावा. वीस महिन्यांच्या काही मुलांना मदतीबद्दल प्रत्येक वेळी बक्षीस म्हणून खेळायची वस्तू दिली. नंतर बक्षीस थांबल्यावर त्यांचं मदत करणं इतर मुलांपेक्षा कमी झालं. वहीवर स्टार, भिंतीवर ‘आठवड्याचं गुणी मूल’, हे सगळं आपण चांगल्या हेतूनंच करतो. पण जे मूल आपणहून करत होतं, त्याला आपण मोल लावायला शिकवतो.

जबाबदारीचंही असंच आहे. पाणी सांडलं की आपण ओरडतो आणि पुसून घेतो आपणच, कारण आपलं लवकर होतं. मुलाच्या वाट्याला फक्त ओरडणं येतं, पुसणं येत नाही. त्याच्या हाताला झेपेल असं फडकं ठरलेल्या जागी, त्याच्या उंचीवर ठेवलं तर चार वर्षांचं मूल सांडलेलं पुसतं. वाईट पुसतं, पाणी अजून पसरवतं. ते आपण पुन्हा पुसायचं नाही, निदान त्याच्या देखत तरी नाही. घरात एक काम पूर्णपणे त्याचं असावं. झाडाला पाणी घालणं असेल, चपला जोडीनं लावणं असेल. आणि ते विसरलं तर झाड थोडं कोमेजलेलं त्याला दिसू द्यावं. दर वेळी आपण गुपचूप पाणी घातलं, तर ते काम त्याचं कधी होणारच नाही.

संयुक्त राष्ट्रांनी 1989 साली स्वीकारलेल्या बालहक्क संहितेतल्या 29व्या कलमात मुलाला सामंजस्य, शांतता आणि सहिष्णुतेच्या भावनेनं जबाबदार जीवन जगण्यासाठी तयार करणं, हा शिक्षणाचा एक हेतू सांगितला आहे. तो सगळ्या शिक्षणाचा हेतू आहे. आठवड्यातल्या एका तासात तो कोंडता येणार नाही, कारण उरलेला सगळा वेळ मुलं आपल्याला बघत असतात. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1961 साली केलेल्या प्रयोगात काही मुलांसमोर एका मोठ्या माणसानं हवेच्या बाहुलीला हातोडीनं बडवलं. पुढे तशीच बाहुली असलेल्या खोलीत खेळायला सोडल्यावर त्यांतली बरीच मुलंही तसंच बडवू लागली, काही तर त्या माणसाचेच शब्द तोंडात घेऊन. फटका देऊन ‘मारायचं नसतं’ असं सांगणाऱ्या आपण सगळ्यांनी हा प्रयोग डोळ्यांसमोर आणावा. मी कधी मुलांवर हात उगारला नाही, पण शब्दांनी दुखावलं आहे, आणि त्यातला एक प्रसंग सांगितल्याशिवाय हे पत्र मला पुरं करता येणार नाही.

एकदा वर्गात रंगाची बाटली सांडली आणि नेहमी दंगा करणाऱ्या मुलाला मी सगळ्यांसमोर बोलले. दुसऱ्या दिवशी कळलं की ते त्याच्या हातून झालंच नव्हतं. ‘आता जाऊ दे, त्याच्या लक्षातही नसेल,’ असं मनात आलं. तरी मी त्याच्यासमोर खाली बसले, वर्ग ऐकत असताना म्हणाले, ‘काल मी तुला न विचारता रागावले. माझं चुकलं.’ तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, ‘बाई, मी सांगत होतो. पण तुम्ही म्हणालात, तोंडावर बोट.’

त्यानंतर ती आज्ञा मी वर्गात पुन्हा दिली नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका