साडेनऊ इंचांची बरणी

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
20 एप्रिल

ति. आई-बाबांना,
सा. न.

शनिवारी माझा फोन लागत नव्हता म्हणून बाबा, तुमचे तीन मेसेज येऊन पडले होते. मी सीग्रोव्हला गेले होते, मडकी घ्यायला. आम्ही सहाजण, दोन गाड्या, आणि जायला शे-सव्वाशे किलोमीटर. "आपल्या कोपऱ्यावर कुंभार बसतो तो काय वाईट?" हे तुमचं वाक्य मला इथे बसून ऐकू आलं.

सध्या इथे पाइनच्या झाडांचे पराग उडतात. गाड्या, पायऱ्या, चपला, सगळं पिवळं. जेजुरीला जाऊन आल्यासारख्या आमच्या गाड्या दिसत होत्या. मी तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या आणि नागपूरच्या मैत्रिणीने पुडाच्या वड्या, त्यामुळे अॅशबरो येईपर्यंत निम्मा डबा संपला.

सीग्रोव्हची वस्ती अडीचशेच्या आत, पण आसपासच्या रानात पन्नासहून जास्त कुंभार. 705 नंबरच्या रस्त्याला 'पॉटरी हायवे' असंच म्हणतात. पाटी दिसली की वळायचं, कच्च्या वाटेने घरापाशी जायचं. पुढे दुकान, मागे चाक आणि भट्टी. बरीच दुकानं रविवार-सोमवार बंद, म्हणून शनिवारच गाठला.

बाबा, आता तुमच्यासाठी. अठराव्या शतकात इंग्लंडहून आलेल्या कुंभारांनी इथली माती बघून बस्तान बसवलं. पुढे मोठा धंदा चालला तो दारूच्या बुधल्यांचा. 1909 मध्ये राज्यात दारूबंदी आली आणि बुधल्या विचारीना कोणी. त्यात काचेच्या बरण्या स्वस्त झाल्या. 1920 च्या सुमाराला राली शहरातल्या बझ्बी नावाच्या जोडप्याने इथल्या कुंभारांना हाताशी धरून जगटाउन नावाचा कारखाना काढला आणि माल थेट न्यूयॉर्कला नेऊन विकला, म्हणून ही कला तगली. तो कारखाना अजून चालू आहे. तिथली जुनी भट्टी म्हणजे जमिनीत अर्धी पुरलेली, लांबट, बुटकी. आत रांगत जाऊन भांडी रचायची. घुशीच्या बिळात शिरावं तसं.

आणि मिठाचं तर तुम्हाला वर्गात शिकवायला आवडलं असतं. भट्टी 1300 अंशांच्या आसपास पोचली की आत चक्क मीठ टाकतात. त्याची वाफ होते, मिठातलं सोडियम मातीतल्या सिलिकाला धरतं आणि भांड्यावर काचेचा थर चढतो. वेगळी झिलई लावावी लागत नाही. हात फिरवला तर संत्र्याच्या सालीसारखं लागतं.

एका दुकानात फळीभर राक्षसमुखी बुधल्या होत्या, डोळे बटबटीत आणि दात पडके. नव्या बांधकामावर आपण दृष्टीसाठी टांगतो तशाच. मित्राच्या मुलाने हट्टाने एक घेतली आणि परत येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही. बाकीच्यांनी कॉफीचे मग घेतले, ताटल्या घेतल्या. मी मात्र बरण्या उचलून बघत होते. रंग नाही, नक्षी नाही, फक्त उचलायची आणि ठेवायची. सगळे हसत होते. मग तू माठ घेताना करतेस तशी, आई, मी टिचक्या मारायला लागले. दुकानातल्या बाई, असतील तुझ्याच वयाच्या, मागून येऊन म्हणाल्या, की आम्हीपण असंच बघतो. चीर असली की आवाज बद्द येतो.

काय ठेवणार, त्यांनी विचारलं. लोणचं म्हटल्यावर त्यांना काकडीचंच वाटलं. मग मी कैरी, मीठ, मोहरी, वरून गार केलेलं तेल, दादरा बांधून वर्षभर, असं सगळं सांगितलं. फ्रिज नाही? नाही. त्या म्हणाल्या, आमच्या आज्या अशाच बरण्यांत कोबी आणि मांस खारवून ठेवायच्या. आत जाऊन त्यांनी एक राखाडी, मिठाच्या भट्टीतली, दोन कानांची बरणी आणली. मी एका हाताने उचलली. मग डाव्या हाताने उचलून पाहिली.

आई, मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तू चष्मा शोधत होतीस ना, तेव्हा मागे ओट्यावर मला दिसलं. लोणचं बाबांच्या प्रोटीन पावडरच्या प्लॅस्टिकच्या डब्यात. मोठी चिनी मातीची बरणी कुठे आहे तेही कळलं, ताईने सांगितलं. माळ्यावर. मनगट मोडल्यापासून ती तुला उचलवत नाही, आणि हे तू आम्हा दोघींनाही सांगितलं नाहीस. 'यंदा कैऱ्या चांगल्या नव्हत्या' हे तुझं उत्तर मी खरं मानलं होतं. रागावले नाहीये. थोडीशी रागावलेय.

तर ही बरणी तुझ्या डाव्या हाताच्या मापाने घेतली आहे. जेमतेम दीड किलो कैऱ्यांचं लोणचं मावेल. किंमत सांगणार नाही, बाबा रुपयांत गुणाकार करतील. येताना एका मैत्रिणीची माशाच्या आकाराची ताटली बर्फाच्या पेटीखाली सापडून फुटली. बरणी मी पायांत धरून बसले होते.

26 मे ला निघतेय. बरणी पाठीवरच्या पिशवीत, मधे कपडे कोंबून. कैऱ्या मी आल्यावर आणू, फोडी बाबांनी अडकित्त्याने करायच्या, मसाला तू सांगशील तसा मी कालवेन.

बाबा, एक काम. फडताळातली मधली फळी टेपने मोजून कळवा. झाकणासकट बरणी साडेनऊ इंच आहे, आणि वरच्या फळीवर ठेवायची नाहीये.

तुमची,
धाकटी