हर्नहूटहून आई-पप्पांना

हर्नहूट, जर्मनी

प्रिय आई आणि पप्पा यांस,
सप्रेम सलाम.

माझी प्रकृती उत्तम आहे, जेवण वेळेवर होते आणि खोली इतकी उबदार असते की डिसेंबरात नगरच्या आपल्या घरी पहाटे वाजते तेवढीही थंडी मला आत वाजत नाही. कामाच्या पाळ्या आणि सुट्ट्या यांविषयी पुन्हा लिहीत नाही. ते सारे फोनवर बोलणे झालेच आहे. आई, तुला वाटते तशी मी मंडळी, म्हणजे चर्च, बदललेली नाही. इथली मोरावियन मंडळी (मोरावियातून आलेल्या ख्रिस्ती लोकांनी सुरू केलेली) हीही प्रॉटेस्टंटच आहे, आणि रविवारी त्यांच्या साध्या, पांढऱ्या उपासनागृहात बसले की परके वाटत नाही.

नर्सिंग शिकलेल्या मुलीने परदेशी जाऊन वृद्धांची अंगे पुसावीत का, असे काकांनी विचारले होते. या प्रश्नाचे उत्तर फोनवर घाईने देण्यासारखे नव्हते, म्हणून आधी या गावाची गोष्ट सांगते. १७२२ साली धर्मामुळे होणाऱ्या छळाला कंटाळून मोरावियातून (आजच्या चेक प्रजासत्ताकातला प्रदेश) निघालेल्या कुटुंबांनी काउंट झिंझेनडॉर्फ या जर्मन सरदाराच्या जमिनीवर हे गाव वसवले, आणि पहिली काही वर्षे ते आपापसांत इतके भांडले की वसाहत मोडते की काय अशी वेळ आली. १३ ऑगस्ट १७२७ रोजी शेजारच्या बेर्थेल्सडोर्फच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी त्यांचा समेट झाला. त्यानंतर पाच वर्षांनी, १७३२ मध्ये, त्यांनी आपले पहिले मिशनरी कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस बेटावर गुलामांमध्ये सेवा करण्यासाठी पाठवले. लिओनार्ड डोबर कुंभार होते आणि डेव्हिड निटशमन सुतार. त्यांची पदवी कोणी विचारली नाही. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो: आधी एकमेकांशी सहभागिता जुळली, आणि मगच दूर देशी जाऊन सेवा करण्याची प्रभूची आज्ञा पाळण्याचे बळ आले. माझ्याबरोबर काम करणाऱ्या बहिणी पाळी सुरू होण्यापूर्वी त्या दिवसाचे बायबलमधले वचन मोठ्याने वाचतात आणि कोणाला काय जड जात आहे ते विचारतात. ते पाच मिनिटांचे विचारणे नसते, तर रात्रपाळ्या मला निभावल्या नसत्या.

त्याच बेटावर रिबेका नावाची, गुलामीतून मुक्त झालेली एक तरुणी होती. दिवसभर राबलेल्या गुलाम स्त्रियांना शिकवण्यासाठी ती संध्याकाळी मळ्यामळ्यांतून पायी फिरत असे. त्यापायी तिला आणि तिच्या मिशनरी नवऱ्याला तुरुंगात टाकले, आणि १७३९ मध्ये झिंझेनडॉर्फ स्वतः तिथे पोहोचल्यावरच त्यांची सुटका झाली. पण याच मिशनने तिथे मळा विकत घेतला आणि त्यावर गुलामही ठेवले, हेही तितकेच खरे आहे. आपल्या संडे स्कूलमध्ये मिशनऱ्यांच्या गोष्टी सांगताना अशी बाजू गाळली जाते, म्हणून मुद्दाम लिहिते. आज्ञाधारकपणाच्या नावाखाली दुसऱ्याला दुःख सोसायला लावणे आणि आज्ञेसाठी स्वतः दुःख सोसणे या गोष्टी एकाच मंडळीत शेजारी-शेजारी नांदू शकतात, याचे मला फार वाईट वाटते.

इथली एक रीत मात्र मला अजून पुरती उमगलेली नाही. मोरावियन माणूस जिवंतपणीच आपला जीवनवृत्तांत लिहून ठेवतो, त्याला लेबेन्सलाउफ म्हणतात, आणि तो त्याच्या अंत्यविधीत मंडळीसमोर वाचला जातो. आपल्याकडे पाळकसाहेब मृताविषयी चार चांगले शब्द बोलतात. इथे मृत माणूसच 'मी' म्हणून बोलतो. शेवटच्या आजाराची हकिगत त्याला लिहिता येणे शक्य नसते, म्हणून तेवढा भाग नातलग किंवा पाळक पूर्ण करतात. अठराव्या शतकापासूनचे असे हजारो वृत्तांत इथल्या अभिलेखागारात जपलेले आहेत, आणि त्यांत मोठ्या माणसांइतकेच विणकर आणि मोलकरणीही आहेत. पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. सध्या मी ज्या आजींची शुश्रूषा करते, त्यांचा हात थरथरतो, म्हणून त्या सांगतात आणि त्यांची भाची लिहून घेते. मे १९४५ मध्ये गावाचा मधला भाग आणि उपासनागृह जळाले तेव्हा त्या लहान होत्या. ती रात्र सांगताना त्या थांबतात, पाणी मागतात आणि पुन्हा सुरू करतात. त्यांना उठवून बसवणे, पाणी देणे आणि थांबणे एवढेच माझे काम असते, आणि काकांना सांगा, ते मला कमीपणाचे वाटत नाही.

टेकडीवरच्या दफनभूमीत सर्वांच्या शिळा सारख्या, जमिनीलगत आडव्या असतात. फक्त झिंझेनडॉर्फ घराण्याच्या शिळा मध्यभागी आणि उंच आहेत. पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या बाजूला पुरल्या जातात. आईला हे आवडणार नाही.

पप्पा, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठीचे पैसे या महिन्यात निघतील. ते दादाच्या कर्जाकडे वळवू नका. मी परक्या आजोबांना हात धरून चालवते आणि तुम्ही जिना एकटे उतरता, हा विचार रोज येतो. म्हणून ऑपरेशनच्या वेळी रजा घेऊन यायचे मी नक्की केले आहे, तिकीट महाग असले तरी.

पुण्याच्या स्थळाविषयी तुम्ही पुन्हा विचारले आहे. पूर्वी इथे लग्नेही चिठ्ठी टाकून ठरत, आणि प्रभूची इच्छा म्हणून ती स्वीकारली जात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही प्रथा मागे पडली. तुमचा शब्द मी कधी मोडलेला नाही आणि आताही मोडत नाही, परंतु माझा करार एक वर्षाने वाढवण्याबद्दल इथे विचारणा झाली आहे आणि मी होकार दिला आहे. मुलगा तोवर थांबत असेल तर मी आल्यावर त्याला भेटेन. थांबत नसेल तर त्यांना स्पष्ट कळवा, ताटकळत ठेवू नका. आई, रडू नकोस. ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच कळवा, म्हणजे रजेचा अर्ज देता येईल.

तुमची लेक