किडनीच्या पेटीतला हायड्रोजन आणि बाटलीतला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘हायड्रोजन वॉटर’च्या, म्हणजे हायड्रोजन वायू विरघळवलेल्या पाण्याच्या, बाटल्यांच्या आणि यंत्रांच्या जाहिराती आता कोल्हापुरातही मोबाइलवर रोज दिसतात. किडनी बसवलेल्या रुग्णांचे नातेवाईक विचारतात, ‘हे पाणी पाजले तर किडनी टिकेल का?’ प्रश्न जिवाच्या काळजीतून येतो, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

मूळ शास्त्र खोटे नाही. अवयवाचा रक्तपुरवठा थांबला की पेशीतली ऊर्जा संपत जाते आणि सक्सिनेट हे पेशीतलेच एक रसायन साचते. नव्या शरीरात क्लॅम्प (रक्तवाहिनी बंद ठेवणारा चिमटा) काढताच ऑक्सिजन आत येतो, साचलेले सक्सिनेट भराभर वापरले जाते आणि पहिल्या काही मिनिटांतच पेशींना इजा करणारे सुपरऑक्साइड, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोहाच्या संगतीने हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. पहिल्या दोघांना आवरणारी विकरे (एन्झाइम) शरीराकडे आहेत, तिसऱ्यासाठी एकही नाही. हायड्रोजन नेमका या तिसऱ्याला गाठतो, असे 2007 मध्ये जपानच्या निप्पॉन मेडिकल स्कूलच्या शास्त्रज्ञांनी मांडले. उंदरांवरच्या त्या प्रयोगात रक्तप्रवाह पुन्हा सुरू होताना वायू शरीरात असणे महत्त्वाचे ठरले. पुढे पिट्सबर्ग विद्यापीठात उंदरांमधल्या आतडे, फुप्फुस, हृदय आणि किडनीच्या प्रत्यारोपणातही फायदा दिसला.

माणसांमधला पुरावा मात्र तोकडा आहे. जपानमध्ये हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या 73 रुग्णांच्या चाचणीत काहींना 18 तास 2 टक्के हायड्रोजन दिला. 90 दिवसांनी त्यांच्यातले 85 टक्के जिवंत होते, दुसऱ्या गटातले 61 टक्के. पण कोविडमुळे चाचणी अर्ध्यावर थांबली आणि तिचा मुख्य निकष सिद्ध झाला नाही. शिवाय ते प्रत्यारोपणाचे रुग्ण नव्हतेच.

आता अवयव नेण्याच्या पेटीकडे या. काढलेली किडनी 4 अंशांच्या द्रावणाने रक्त निघून जाईपर्यंत धुतात आणि एकात एक अशा तीन निर्जंतुक पिशव्यांत ठेवतात: आतल्या पिशवीत द्रावण, मधल्या पिशवीत थंड सलाइन, बाहेर बर्फ. बर्फ किडनीला थेट टेकला तर ऊती गोठून फाटते. या द्रावणात हायड्रोजन घालायचा म्हटले तर पहिली अडचण पिशवीचीच. सर्वांत लहान रेणू असल्याने तो प्लास्टिकमधून निसटतो. लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त सुमारे 1.6 मिलिग्रॅम विरघळतो आणि उघड्या भांड्यातून तोही काही तासांत उडून जातो. म्हणून तो वापरायच्या वेळी, द्रावण भरतानाच मिसळावा लागतो. हुंगायला द्यायचा तर हवेत 4 टक्क्यांच्या वर तो पेट घेतो. कॉटरीच्या (विजेने ऊती कापण्या-जाळण्याच्या उपकरणाच्या) ठिणग्या उडणाऱ्या ऑपरेशन थिएटरमध्ये शुद्ध हायड्रोजनचा सिलिंडर आणून तिथे मिश्रण करणे हा जीवघेणा खेळ आहे. तयार, मोजून भरलेले सौम्य मिश्रणच हवे.

बाटलीतले पाणी यातले काहीच करत नाही. प्रत्यारोपणाला सहा महिने झालेल्या रुग्णाच्या किडनीत क्लॅम्प काढण्याचा तो क्षण कधीच उलटून गेलेला असतो. डायलिसिसवरच्या रुग्णाला तर दिवसाची लघवी अधिक 500 मिलिलिटर एवढेच पाणी साधारणपणे चालते, त्यात ही बाटलीही मोजायची. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना न धुतलेल्या, फिल्टर न बदललेल्या हायड्रोजन वॉटरच्या यंत्रातले पाणी पिणे धोक्याचे आहे. आणि टॅक्रोलिमस या अशाच औषधाची 12 तासांची वेळ या पाण्याच्या भरवशावर चुकवणे तर अजिबात नको.

कोल्हापूरसाठी खरा प्रश्न घड्याळाचा आहे. हृदय बर्फात साधारण 4 तास टिकते, यकृत 8 ते 12, किडनी 24 ते 36, आणि प्रत्येक वाढीव तासाची किंमत अवयव मोजतो. पुण्याचे अंतर सुमारे 230 किलोमीटर. ग्रीन कॉरिडॉर (रुग्णवाहिकेसाठी मोकळा केलेला रस्ता) असला तरी हृदयासाठी हा रस्ता परवडत नाही, त्याला उजळाईवाडीच्या विमानतळाचाच आधार. किडनी रस्त्याने जाऊ शकते, पण कागदपत्रे, क्रॉसमॅच (दाता आणि रुग्णाचे रक्त जुळते का याची तपासणी) आणि थिएटरची तयारी यांत गेलेले तास हायड्रोजनने परत मिळत नाहीत.

आमची विनंती एवढीच. अवयवदानाच्या बातमीत रुग्णवाहिकेचा फोटो येतो, त्याखाली दोन वेळाही छापाव्यात: दात्याच्या शरीरात क्लॅम्प लागला ती, आणि नव्या शरीरात रक्त सुरू झाले ती.

आपले,
शस्त्रक्रिया विभागात काम करणारे काही तंत्रज्ञ,
राजारामपुरी, कोल्हापूर