स्वयंसेवकांना इंजिनाजवळ येऊ द्या

महोदय,

आमच्या भागातील एका स्थानकाबाहेर चौथऱ्यावर उभ्या असलेल्या जुन्या वाफेच्या इंजिनाला अधूनमधून काळा रंग लागतो, पण धुराड्याचे तोंड भर पावसाळ्यातही उघडेच असते. पाणी आत शिरून धूरपेटीच्या तळाशी उरलेल्या काजळीत मुरते, त्यातून आम्ल तयार होते आणि ते पत्रा आतून खाते. गेल्या पावसाळ्यानंतर मी तेथे हात घातला, तेव्हा गंजाचे पापुद्रे मुठीत आले.

अशा इंजिनांचे काय करता येते, हे वेल्समधील टॅलिलिन रेल्वेकडे पाहिले की कळते. पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी १८६५ साली धावू लागलेली ही अरुंद मार्गाची गाडी १९५० मध्ये मालकाच्या निधनानंतर बंद पडणार होती. त्या ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅम येथे लेखक एल. टी. सी. रोल्ट यांच्या पुढाकाराने सभा झाली, स्वयंसेवकांनी कारभार हाती घेतला आणि १४ मे १९५१ पासून गाडी पुन्हा धावू लागली. तेव्हा तिच्या स्वतःच्या दोन इंजिनांपैकी १८६६ सालचे ‘डॉलगॉख’ तेवढे चालण्याजोगे होते. त्याचे जुने भावंड ‘टॅलिलिन’ पुढे काही वर्षांनी दुरुस्त होऊन रुळांवर आले. याच उपक्रमातून तेथे अरुंद मार्गाच्या रेल्वेचे संग्रहालयही उभे राहिले.

आपल्याकडे १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट या अरुंद मार्गाच्या रेल्वेचा वारसा याहून कमी मोलाचा नाही. कुर्डुवाडीच्या कारखान्यात तिची इंजिने खोलणारे व जोडणारे फिटर आणि बॉयलरवाले आता वृद्ध झाले आहेत, आणि बॉयलरची नळी बसवताना हाताला जे कळते ते कागदावर उतरत नाही, म्हणून ही घाई. रेल्वेने एखादे इंजिन छपराखाली हलवावे, जबाबदार अभियंत्याच्या देखरेखीखाली अशा निवृत्तांना व शिकू इच्छिणाऱ्या तरुणांना त्यावर काम करण्याची लेखी परवानगी द्यावी आणि पाण्याच्या दाबाची चाचणी उत्तीर्ण झाल्यावाचून बॉयलर पेटवू नये. घरोघरी ट्रंकांत पडलेले कंदील, बिल्ले आणि छायाचित्रे त्याच छपराखाली मांडली, तर संग्रहालयाची सुरुवात होईल.

ही परवानगी मिळेपर्यंत निदान येत्या जूनपूर्वी त्या धुराड्यावर पत्र्याचे झाकण बसवू द्यावे. झाकण आणि शिडी मी घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त रेल्वे फिटर, सोलापूर जिल्हा