मयड्याची केळी लाल नसतात

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारावरचा लेख वाचला. पहिल्या खेपेस फोटोखालच्या ओळीशीच अडले आणि वर्तमानपत्र बाजूला ठेवले. संध्याकाळी पुन्हा उघडले. राग गेला नव्हता, म्हणून आज हे पत्र.

अर्धे पान भरून लाल सालीच्या केळ्यांचा फोटो आणि त्याखाली 'मोइराची प्रसिद्ध केळी'. अहो, मयडे म्हणजे तुमचे 'मोइरा', आमच्या म्हापशाजवळचा गाव; आणि ती मयड्याची केळी नव्हेत! लाल केळी ही वेगळीच जात. चवीला चांगली असतात, त्यांच्याशी माझे भांडण नाही. मयड्याचे केळे पिकले की पिवळे होते. ते लांब आणि जाडजूड असते, अंगाला हाताला लागतील अशा धारा असतात. एक केळे घरातल्या दोघांना पुरते. तुपावर परतून खावे किंवा हलवा करावा. याच मिंडोळी केळ्याला काही वर्षांपूर्वी भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा ती बातमी तुम्हीच छापली असणार. मग फोटो निवडताना बार्देश तालुक्यातल्या एखाद्या माणसाला विचारायला काय हरकत होती?

मला हे इतके का लागले ते सांगते.

1965 सालची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, असावी. मी अकरा वर्षांची होते. माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर फळे-फुले टांगतात त्या मांडवीचे, सामान घ्यायला आईबरोबर कारेरीतून (बसमधून) म्हापशाला आले होते. चवथीआधीचा बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना वर्णनाची गरज नाही. सुपारीचे घोस, तोरिंगणे, आंबाडे, रानातून आणलेली कवंडळे, काकड्या, चिबूड, नारळ. पाय ठेवायला जागा नसायची, आणि वरून पाऊस. आई कवंडळांचा भाव करत बसली आणि मला पैसे देऊन म्हणाली, "त्या ओळीत जा आणि मयड्याच्या केळ्यांची एक फणी घेऊन ये. देवाला ठेवायची आहेत, बघून घे." पहिल्यांदाच एकटीने काही विकत घ्यायचे होते. ओळीच्या तोंडाशीच एकाने हाक मारली, "मयड्याची, मयड्याची!" भाव कमी सांगितला. मी फणी घेतली, पैसे दिले आणि उरलेली चिल्लर मुठीत धरून निघाले.

चार पावलांवर मयड्याची म्हातारी बसायची. आई दर शुक्रवारी तिच्याकडेच घ्यायची. ख्रिस्ती बाई, नेसलेले कापड आणि डोक्यावर टॉवेल. तिने माझ्या हातातली फणी पाहिली आणि मला थांबवले. "कोणे दिली गो ही तुका?" मी बोट दाखवले. ती उठली, माझा हात धरून त्या माणसापुढे जाऊन उभी राहिली आणि सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला बोलली. देवाच्या नावाने आलेल्या पोरीला फसवतोस? त्याने मुकाट्याने पैसे परत केले. मग तिने मला आपल्या टोपलीजवळ बसवले, एक केळे हातात दिले आणि डोळे मिटायला सांगितले. बोट फिरव. धार लागली? देठ दाबून बघ, कसा जाड आहे. आता हे दुसरे धर. गोल लागते ना? मयड्याचे केळे अंधारातसुद्धा ओळखता आले पाहिजे, म्हणाली. फणी दिली आणि तिचे पूर्ण पैसे घेतले, एक पैसाही सोडला नाही. वर एक सुटे केळे दिले, तेवढे माझे.

साठ वर्षे झाली. डोळे मिटून मी अजूनही ते केळे ओळखते. त्या बाईचे नाव मला माहीत नाही. आई तिला 'माय' म्हणायची, म्हणून आम्हीही. काल तुमच्या पानावर लाल केळ्यांखाली तिच्या गावाचे नाव पाहिले आणि मला तो ओळीच्या तोंडाशी बसलेला माणूस आठवला. त्याला निदान माय भेटली होती.

लेखात म्हटले आहे की हा बाजार आता मुख्यत्वे पर्यटकांचे आकर्षण आहे आणि जुना बाजार 'फक्त आठवणीत' उरला आहे. लेखक बाजारात किती वाजता गेले होते? टोप्या आणि गळ्यातल्या माळा मांडलेल्या असतात ते मी नाकारत नाही. पण मागच्याच शुक्रवारी मी सकाळी पेडण्याकडच्या एका बाईकडून हरमलची मिरची घेतली आणि डिचोलीकडचे मातीचे बुडकुले घेतले. तांबड्या भाजीच्या पेंड्या पुढ्यात मांडून बसलेल्या बायका सोपो, म्हणजे बाजारात बसायचा कर, भरून बसतात. घरची चूल त्या शुक्रवारावर चालते. पावसाळ्यात सात शिरांची भेंडी, उन्हाळ्यात पर्ऱ्याची कलिंगडे, मेमध्ये पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायचे, मीठ, चिंच, सोले आणि सुकी सुंगटे (कोलंबी). हे सारे कमी झाले आहे, पण संपलेले नाही. जिवंत माणसांना आठवण म्हणून छापू नका, एवढीच विनंती. वाचणाऱ्याला वाटते की जाण्यासारखे काही उरलेच नाही, आणि त्या बायकांचे एक गिऱ्हाईक कमी होते.

बाजार बदलणे आम्हाला नवे नाही. 1959 मध्ये पोर्तुगीज राजवटीतले रुपिया हे नाणे जाऊन एस्कुद आला, एका रुपियाला सहा. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला आणि पुढे तोही गेला. माझी आई मात्र पुढे कितीतरी वर्षे मनातल्या मनात रुपिया आणि तांग्यांतच (तांगा म्हणजे रुपियाचा सुटा भाग) हिशेब करायची आणि मग तोंडाने पैसे सांगायची. समोरची विक्रेतीही तसेच करायची. दोघींचा हिशेब कधी चुकला नाही, कारण दोघींना माल कळत होता. लेखात अशा गोष्टीला जागा हवी होती. ती जागा चोरिसाच्या (गोव्याच्या डुकराच्या सॉसेजच्या) माळांच्या तीन फोटोंनी घेतली.

आणि विषय निघालाच आहे तर आणखी एक. 'मोइरा' हा कुठला गाव? मराठी वर्तमानपत्रात मयडे का लिहीत नाही? मी पस्तीस वर्षे मराठी शाळेत शिकवले. मुलांना फळ्यावर हडफडे, हळदोणे, शिवोली, साळगाव लिहून दाखवले. आता त्याच मुलांची मुले तुमच्या पानावर अर्पोरा, अल्डोना, सिओलिम, सालिगाव वाचतात. इंग्रजी पाटी पाहून केलेले हे उच्चार आहेत. रोमी अक्षरांवरून आपल्याच गावाचे नाव उलटे मराठीत आणायचे आणि तेही गोव्यात निघणाऱ्या मराठी दैनिकाने, हे मला पटत नाही. बाहेरच्या माणसाने चूक केली तर समजू शकते. तुमच्या कार्यालयात मयडे ठाऊक असलेले कोणीतरी असेलच. त्यांना फोटोओळी एकदा दाखवत जा.

लेख लिहिणाऱ्याविषयी माझ्या मनात आकस नाही. भाषा चांगली आहे, पावसातल्या ताडपत्र्यांचे वर्णन तर मला फार आवडले. पण चूक दुरुस्त करावी. आतल्या पानावर कोपऱ्यात दोन ओळींचा खुलासा नको. जेवढा लाल केळ्यांचा फोटो छापला तेवढाच खऱ्या केळ्यांचा छापा, आणि खाली 'मयडे' असे लिहा. येत्या शुक्रवारी छायाचित्रकाराला पाठवा. सकाळी आठच्या आत यायला सांगा, मयड्याची केळी थोडीच येतात आणि लवकर संपतात. ओळखता आली नाहीत तर मी केळ्यांच्या ओळीतच असेन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, बार्देश