ते तैलचित्र नव्हे, शिळाछाप आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत चित्रकार मार्क शगालच्या ‘डाफ्निस आणि क्लोई’ मालिकेतले लांडग्यासाठी खणलेल्या खड्ड्याचे चित्र आले आहे. खाली मात्र ‘तैलचित्र’ असे छापले आहे. ते रंगीत शिळाछाप (लिथोग्राफ), म्हणजे दगडावर चित्र काढून छापलेले, आहे. लेस्बॉस बेटावर शेळ्या राखणारा पोरगा आणि मेंढ्या राखणारी पोर यांची ही लाँगसची ग्रीक प्रेमकथा. प्रकाशक तेरियादच्या आग्रहावरून शगाल १९५२ मध्ये ग्रीसला जाऊन आला. आधी त्याने गॉशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात, चित्रे केली, मग पॅरिसच्या मुर्लो छापखान्यात शार्ल सोर्लिए या कारागिराच्या साथीने ४२ शिळाछापे तयार झाली. पुस्तक निघाले १९६१ मध्ये.

शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड किंवा जस्ताचा पत्रा लागतो. तेलकट खडूने चित्र काढायचे, वर डिंकाच्या पाण्यात नायट्रिक आम्लाचे थेंब घालून लेप द्यायचा. मग ओल्या दगडावर शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त तेलकट जागी बसते. आम्ल जास्त झाले तर खडूची फिकट कणी खाल्ली जाते. कमी पडले तर कोरी जागाही शाई धरते आणि चित्र मळकट होते. शगालच्या या मालिकेत काही चित्रांना वीस-पंचवीस रंग आहेत. २० रंग आणि २५० प्रती धरा, एका चित्रासाठी ५,००० दाब झाले, तेही वाया गेलेले कागद सोडून! मध्येच हवा दमट झाली, कागद मिलिमीटरभर ताणला, की पुढचा रंग सरकलाच.

शगालचा निळा रेघेबाहेर सांडलेला दिसला म्हणून जुळणी चुकली असे समजू नये. तो त्याचा स्वभाव आहे. खरी चूक असेल तर रंगांच्या कडेला बारीक पांढरी फट दिसते, आणि ती चित्रभर एकाच बाजूला असते.

याच चित्रांची ऑफसेटवर छापलेली पुस्तके पुढे बरीच निघाली. त्यांतली पाने चौकटीत घालून ‘मूळ’ म्हणून खपवली जातात. दहापट भिंग धरा. ठिपक्यांची एकसारखी फुले दिसली तर ऑफसेट. खडूची वेडीवाकडी कणी आणि सपाट, भरीव रंग दिसला तर दगड किंवा पत्रा. पुस्तकातल्या मूळ पानांवर सही नाही, जोडपानांना मधोमध घडी आहे. पेन्सिलीची सही आणि क्रमांक फक्त वेगळ्या काढलेल्या, बिनघडीच्या, रुंद समासाच्या ६० संचांवर. म्हणजे घडीही आहे आणि सहीही आहे, असे पान दिसले तर पाकीट खिशातच ठेवावे.

घरात रविवर्मा प्रेसची जुनी लक्ष्मी-सरस्वती असेल तर तिलाही हेच भिंग लावून पाहावे. तिथेही ठिपके दिसतील, पण हाताने टिंबलेले, लहानमोठे.

पुढच्या अंकात ‘रंगीत शिळाछाप, १९६१’ एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक वाचक, सांगली